कोल्हापूर-सांगलीचा पूर: शासनाची तयारी, गावाची तयारी आणि तुमची तयारी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पंचगंगा आणि कृष्णा या नद्यांचा पूर डोंगराळ भागातल्या लोंढ्यासारखा अचानक अंगावर येत नाही. तो फूट-इंचांत मोजत वर चढतो आणि उतरायलाही दिवस घेतो. आकडे वेळेवर वाचले तर इथे जीव वाचवायला बहुतेक वेळा पुरेसा अवधी मिळतो. खालची उत्तरं मुख्यतः करवीर, शिरोळ, हातकणंगले, मिरज, पलूस आणि वाळवा या तालुक्यांतल्या नदीकाठच्या लोकांसाठी आहेत.

राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट आणि ४३ फूट म्हणजे नेमकं काय?

कोल्हापुरात पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्याजवळच्या मोजपट्टीवर वाचतात. तिथे ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. सांगलीत कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळ मोजतात. तिथे इशारा ४० फुटांना आणि धोका ४५ फुटांना. मोजपट्टीचा शून्य त्या जागेपुरता असतो. म्हणून कोल्हापूरचे ४५ फूट आणि सांगलीचे ४५ फूट यांची तुलना करण्यात काही अर्थ नाही.

इशारा पातळी ही यंत्रणेने सज्ज व्हायची आणि सखल भागातल्या लोकांनी सामान बांधायची वेळ. धोका पातळीला नदी पात्राबाहेर चांगलीच पसरलेली असते. काही वस्त्यांत तर त्याआधीच पाणी शिरलेलं असतं. २०२१ च्या जुलैत राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५६ फुटांच्या पुढे गेलं, २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५५ फुटांच्या पुढे. सांगलीत २०१९ ला ५७ फुटांची पातळी ओलांडली गेली. म्हणजे धोक्याच्या खुणेवर आणखी १२-१३ फूट पाणी चढू शकतं, हे दोनदा दिसलेलं आहे.

माझ्या घरात पाणी कधी येणार, हे मला कसं कळणार?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. ४३ फूट हा शहराचा आकडा आहे, तुमच्या घराचा आकडा वेगळा असतो. तो काढून ठेवा.

२०१९ किंवा २०२१ चा पुराचा डाग बऱ्याच भिंतींवर अजून दिसतो, किंवा शेजारी बोटाने दाखवतात. उंबऱ्यापासून त्या खुणेपर्यंतची उंची मोजा. त्या वर्षीच्या सर्वोच्च पातळीतून ती वजा करा. समजा २०२१ ला तुमच्या घरात उंबऱ्यावर ५ फूट पाणी होतं आणि बंधाऱ्यावर साधारण ५६ फूट. मग मोजपट्टी ५१ फुटांना पोहोचली की पाणी तुमच्या उंबऱ्याला लागणार. हा अंदाज आहे, नेमका हिशोब नव्हे. पाण्याच्या पृष्ठभागाला नदीच्या दिशेने उतार असतो. ओढा किंवा नाला जवळ असेल तर फुगवट्याने पाणी आधी येतं. कोल्हापुरात जयंती नाल्याच्या काठच्या वस्त्यांना हा अनुभव आहे. म्हणून निघालेल्या आकड्यातून निदान २ फूट कमी करूनच धरा.

आता दुसरा आकडा काढा, तो जास्त उपयोगी आहे: तुमच्या बाहेर पडायच्या रस्त्यावरचा सगळ्यात खोलगट भाग कोणत्या पातळीला बुडतो? पुष्कळ घरं शेवटपर्यंत कोरडी राहतात, पण रस्ता दोन दिवस आधीच बंद झालेला असतो. घर सोडायची वेळ रस्त्याच्या आकड्यावर ठरवा, घराच्या आकड्यावर नको.

मग वेग बघा. पाणी तासाला ३ इंचांनी चढत असेल तर १ फुटाला ४ तास लागतात. रस्ता ४५ फुटांना बुडतो आणि आत्ता पातळी ४२ असेल, तर तुमच्या हातात १२ तास आहेत, तेही वेग वाढला नाही तर. २०२१ ला वेग वाढला. इशारा पातळी ते महापूर हे अंतर नदीने दोनेक दिवसांत कापलं आणि २०१९ चा अंदाज धरून बसलेले अडकले. दोन्ही आकडे दाराच्या चौकटीवर ऑइल पेंटने लिहून ठेवा. घरातल्या प्रत्येकाला ते तोंडपाठ हवेत.

शिरोळ तालुक्यातल्या लोकांनी राजाराम बंधाऱ्यावर अवलंबून राहू नये. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, त्यामुळे तिथे दोन्ही नद्यांचं ओझं येतं. कृष्णा भरलेली असेल तर पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही आणि कोल्हापुरात पातळी उतरली तरी कुरुंदवाड परिसरात पाणी तुंबून राहतं.

कोल्हापुरात ऊन पडलंय, तरी नदी वाढतेय. असं का?

नदी शहरातल्या पावसावर वाढत नाही. कुंभी, कासारी, तुळशी आणि भोगावती यांचं पाणी प्रयाग चिखलीला एकत्र येऊन पंचगंगा होते. म्हणून गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी इथला पाऊस पाहायचा. हवामान खात्याच्या मोजणीत २४ तासांत ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर म्हणजे अतिजोरदार आणि त्यावर म्हणजे अत्यंत जोरदार पाऊस. घाटमाथ्यावर असे दोन-तीन दिवस लागोपाठ आले, की खाली ऊन असलं तरी सामान वर उचलायला घ्यावं.

धरणातून सोडलेले क्युसेक समजत नाहीत. सोपा हिशोब काय?

१ क्युसेक म्हणजे सेकंदाला १ घनफूट, साधारण २८ लिटर. ११,५७४ क्युसेक विसर्ग २४ तास चालला की १ टीएमसी (एक अब्ज घनफूट) पाणी जातं. यावरून बातम्या तोलता येतात. कोयनेच्या पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक सोडले ही घाबरण्याची बातमी नव्हे. दिवसभरात १ टीएमसीचा पाचवा हिस्साही होत नाही. उलट १ लाख क्युसेक म्हणजे दिवसाला ८.६४ टीएमसी, म्हणजे राधानगरी धरणाच्या पूर्ण साठ्यापेक्षा (८.३६ टीएमसी) जास्त.

राधानगरीचे दरवाजे उघडले की कोल्हापूर बुडतं का?

राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण पूर्ण भरलं की पाण्याच्या दाबाने ते आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक. सातही उघडले तर सुमारे १० हजार, वीजगृहाचे दीड हजार धरून साडेअकरा हजारांच्या आसपास. आकडा लहान नाही, पण महापुरातल्या एकूण प्रवाहाचा हा एक भागच. धरणांच्या खाली पडणारा पाऊस कुठेच अडवला जात नाही, तो थेट नदीत येतो, आणि मोठ्या पुरात या मुक्त पाणलोटाचा वाटा फार मोठा असतो.

दरवाजे आपोआप चालतात याची दुसरी बाजूही आहे. धरण भरत येताना पाणी आधीच सोडून जागा करायची, तर या दरवाजांचा उपयोग नाही. त्यासाठी वीजगृह आणि सेवाद्वारावरच (हवं तेव्हा उघडता येणारा दरवाजा) भागवावं लागतं.

मग पावसाळ्याआधी धरणं रिकामीच का ठेवत नाहीत?

कारण तेच पाणी पुढचे आठ महिने पिण्याला, शेतीला आणि विजेला लागतं आणि पाऊस पडेलच याची हमी नसते. म्हणून प्रत्येक धरणासाठी जलाशय परिचालन सूची असते: कोणत्या तारखेला साठा किती असावा याचं वेळापत्रक. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी, वारणेची (चांदोली) ३४.४०. जुलैअखेर ही धरणं सूचीपेक्षा वर भरलेली असतील आणि घाटात मोठा पाऊस सांगितला असेल, तर विसर्ग आधी आणि संथपणे वाढवणं हाच मार्ग. पाऊस सुरू झाल्यावर धरण वाचवण्यासाठी घाईने सोडलेलं पाणी नेमकं पुराच्या शिखरावर येऊन बसतं. गावाने जुलै-ऑगस्टमध्ये जलसंपदा विभागाला विचारायचा प्रश्न तोच: आज साठा सूचीच्या वर आहे की खाली? ही माहिती मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

पुराला अलमट्टी जबाबदार आहे का?

कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाची पूर्ण संचय पातळी ५१९.६ मीटर आहे. ती ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याची मुभा दुसऱ्या कृष्णा पाणी तंटा लवादाने २०१० मध्ये दिली आणि महाराष्ट्राचा तिला विरोध आहे. धरणातल्या फुगवट्याचा प्रश्न खरा आहे आणि दोन राज्यांच्या अभियंत्यांनी पावसाळ्यात रोज बोलत राहणं अत्यावश्यक आहे. पण सगळं बोट एकाच धरणाकडे दाखवलं, की पात्रात टाकलेला भराव, उंच भरावावर बांधलेले रस्ते, अपुऱ्या मोऱ्यांचे पूल आणि पूररेषेतली बांधकामं यांवरून लक्ष उडतं. या गोष्टी इथल्या इथे सुधारता येतात, त्यासाठी कर्नाटकाची परवानगी लागत नाही.

पावसाळ्याआधी प्रशासनाने काय केलेलं असायला हवं?

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ नुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. १ जूनपासून जिल्हा आणि तालुका पातळीवर २४ तास नियंत्रण कक्ष चालतो. जिल्ह्याचा क्रमांक १०७७, राज्याचा १०७०, कोणत्याही तातडीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन पुण्याजवळ आहे.

मे महिन्यातल्या ग्रामसभेत मात्र कागदावरचा आराखडा ऐकून उठू नका, वस्तू दाखवायला सांगा. बोटीचं इंजिन चालू करून दाखवलं का? लाइफ जॅकेटचे पट्टे आणि बकल शाबूत आहेत का? वर्षभर गोदामात पडलेलं जॅकेट उंदरांनी कुरतडलेलं निघतं. निवारा केंद्र म्हणून नेमलेल्या शाळेत किती संडास चालू आहेत, पाण्याची टाकी केवढी, जनरेटर कुठून येणार, डिझेल कोण भरणार? गरोदर बायका, अंथरुणाला खिळलेले, डायलिसिसवर असलेले यांची घरनिहाय यादी आशाताईंकडे तयार आहे का?

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे (पाणी अडवायला बसवलेल्या फळ्या) जूनच्या पहिल्या पावसाआधी निघायला हवेत. ते राहिले तर ओंडके आणि जलपर्णी अडकून पाणी मागे तुंबतं आणि बंधाऱ्यालाही धोका होतो. कोणत्या बंधाऱ्याचे बरगे कोणी काढायचे हे आधी ठरलेलं असावं.

घर कधी सोडायचं?

उजेड असताना आणि रस्ता कोरडा असताना. रात्री दहाला दवंडी फिरण्यापेक्षा दुपारी तीनला निघालेलं कुटुंब कितीतरी सुरक्षित. करवीरमधल्या चिखली, आंबेवाडीसारख्या गावांना आणि सांगलीतल्या सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रस्ता या भागांना पाणी लवकर गाठतं. तिथल्यांनी शहराच्या धोका पातळीची वाट पाहू नये.

रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका. फूटभर वाहत्या पाण्यात लहान कार तरंगू लागते, दोन फुटांत बहुतेक गाड्या ओढल्या जातात. शिवाय पाण्याखाली रस्ता शाबूत आहे की खचलाय, ते वरून दिसत नाही. बॅरिकेड बाजूला सारून जाणारे दुचाकीस्वार दर वर्षी वाहून जातात.

निघताना मेन स्विच बंद, गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडर साखळीने किंवा दोरीने खांबाला बांधलेला (मोकळा सिलिंडर तरंगत जातो). संडासाच्या भांड्यावर आणि मोरीच्या जाळीवर वाळूची पिशवी ठेवा, कारण घाण पाणी दारापेक्षा आधी तिथून वर येतं. सोबत कागदपत्रं प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत, बीपी-शुगरच्या गोळ्या निदान दहा दिवसांच्या, टॉर्च, भरलेली पॉवर बँक, माणशी दिवसाला ३ लिटर या हिशोबाने पिण्याचं पाणी. घरातल्या सामानाचे आणि भिंतींचे फोटो निघण्याआधी काढा, पंचनाम्याला लागतात.

जनावरांचं काय करायचं?

खरं सांगायचं तर या भागात माणसं घर सोडत नाहीत ती जनावरांपायी. दावणीला दोन म्हशी बांधलेल्या असताना शाळेत जाऊन झोपा, असं सांगणं कुणालाही पटत नाही. म्हणून माणसांच्या आधी जनावरं हलवायची, आणि ज्या आराखड्यात जनावरांची छावणी नाही तो अपुरा समजायचा.

इशारा पातळीच्या आधीच, रस्ता चालता असताना, त्यांना उंचावर न्या. एका मोठ्या जनावराला दिवसाला साधारण १५ ते २० किलो हिरवी वैरण, ५-६ किलो वाळली आणि ४० ते ६० लिटर पाणी लागतं. पुरात ऊस आणि गवत पाण्याखाली असतं, त्यामुळे हिरव्याची सोय होत नाही. वाळल्या वैरणीचा साठा मे महिन्यातच उंचावर रचावा लागतो. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याआधी टोचून घ्या. कानातल्या बिल्ल्याचा नंबर वहीत लिहा.

काहीच जमलं नाही आणि पाणी आलं, तर दावं कापा. बांधलेलं जनावर उभ्या जागी बुडतं. मोकळं असेल तर पोहून बाहेर पडायची संधी राहते.

बोटीतून बाहेर पडताना काय पाहायचं?

आधी जॅकेट, मग बोट. जॅकेट नसेल तर बसू नका, आणि बोटीवर लिहिलेल्या क्षमतेपेक्षा एकही माणूस जास्त नको. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटून १७ जणांचा जीव गेला. त्या बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. पाणी वाढत असताना "पुढची फेरी येईल" यावर भरवसा ठेवणं अवघड असतं. म्हणून फेऱ्यांची यादी काठावर कुणीतरी मोठ्याने वाचायची: पहिल्या फेरीत कोण, दुसरीत कोण. लोक रेटारेटी करतात ती बहुतेकदा आपला नंबर लागेल की नाही हे माहीत नसल्यामुळे. बोटीत खाली बसा, उभं राहू नका. ऊस, कुंपणाची तार, वीजवाहिन्या यांवरून बोट नेऊ नये.

पूर ओसरल्यावर पाणी कधी पिण्याजोगं होतं?

नळाला पाणी आलं म्हणजे ते शुद्ध आहे असं नाही. कोल्हापूरची उपसा केंद्रं नदीकाठीच आहेत, तीही पुरात बुडालेली आहेत. काही दिवस पाणी उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकून प्या. गोळीची मात्रा पाकिटावर दिलेली असते. गोळी टाकल्यावर अर्धा तास थांबायचं. गढूळ पाण्यात क्लोरीन वाया जातो, म्हणून आधी तुरटी फिरवून निवळू द्या.

गावच्या विहिरीसाठी नेहमीचं माप १,००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर. पण पुराचं पाणी शिरलेल्या विहिरीला हे पुरत नाही. आधी उपसा करा, गाळ काढा, मग टीसीएल बादलीत कालवून वरची निवळी ओता (साका टाकू नका). अर्ध्या तासाने ओटी चाचणी (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते पाहणारी) घ्या. पाण्याला पिवळसर छटा आली नाही तर मात्रा वाढवा. बहुतेक ठिकाणी चूक पावडरीतच असते: पोतं उघडं राहिलं, ओल लागली की क्लोरीन उडून जातो आणि उरते नुसती पांढरी पूड.

चिखल काढताना गमबूट आणि हातमोजे घाला, पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका. नंतर ताप आला आणि पोटऱ्या दुखू लागल्या, तर लेप्टोस्पायरोसिसची शंका धरून त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा. प्रतिबंधाच्या गोळ्या आरोग्य सेवकाच्या सांगण्यावरूनच घ्या. गरोदर बायका आणि लहान मुलांना त्या परस्पर देऊ नयेत.

वीज कधी चालू करायची?

मीटर किंवा बोर्ड पाण्याखाली गेला असेल तर वायरमनने तपासल्याशिवाय मेन स्विचला हात लावू नका. भिंतीतल्या पाइपात पाणी कित्येक दिवस राहतं. फ्रिज, वॉशिंग मशीन, शेतीपंपाची मोटर हे सगळं वाळवून तपासूनच लावा. महावितरणचा क्रमांक १९१२.

पंचनामा कसा होतो आणि मदत किती मिळते?

शेतीचा पंचनामा ग्राम महसूल अधिकारी (तलाठी), ग्रामपंचायत अधिकारी (ग्रामसेवक) आणि सहायक कृषी अधिकारी (कृषी सहायक) मिळून करतात. पीक ३३ टक्के किंवा जास्त गेलं असेल तरच मदत बसते. २०२२ ते २०२६ साठीच्या केंद्राच्या निकषांप्रमाणे जिरायतीला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये, २ हेक्टरच्या मर्यादेत. सपाट भागातलं घर पूर्ण पडलं तर १,२०,००० रुपये, पक्क्या घराची अंशतः पडझड असेल तर ६,५००, कच्च्याची ४,०००. दुभत्या म्हशी-गाईला ३७,५००, शेळी-मेंढीला ४,०००. मृत्यू झाल्यास वारसाला ४ लाख. राज्य सरकार शासन निर्णय काढून यात अधूनमधून वाढ किंवा बदल करतं, त्यामुळे त्या वर्षीचा निर्णय तहसीलमध्ये पाहून घ्या.

उसाचं नुकसान पहिल्या दिवशी कळत नाही. पोंग्यात गाळाचं पाणी गेलं, की पीक वरून हिरवं दिसतं आणि पुढच्या आठवड्यांत शेंड्याकडून कुजत येतं. पाणी उतरल्याबरोबर पंचनामा झाला असेल आणि ऊस नंतर वाळला, तर लेखी अर्ज देऊन फेरपाहणी मागा. जनावर दगावलं तर पशुधन विकास अधिकाऱ्याने शवविच्छेदन केल्याशिवाय पुरू नका. वाहून गेलं असेल तर बिल्ल्याचा नंबर आणि पंचांसमोरची नोंद हाच पुरावा.

निळी आणि लाल पूररेषा म्हणजे काय? घर बांधता येतं का?

२५ वर्षांतून एकदा येण्याची शक्यता असलेल्या पुराची मर्यादा निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. नदी ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र, तिथे नवं बांधकाम नाही. निळी ते लाल हे नियंत्रित क्षेत्र, तिथे अटींवर परवानगी. प्लॉट घेण्याआधी नगररचना कार्यालयात गट नंबर देऊन नकाशावर खात्री करा. विकणाऱ्याचं "इथं कधी पाणी येत नाही" हे वाक्य पुरावा धरू नका. २०१९ ला कुठपर्यंत पाणी होतं, ते समोरच्या किराणा दुकानदाराला विचारा.

पंचनामा झाला, पण पैसे आले नाहीत. आता?

मदत थेट खात्यात येते. याद्या संगणकावर चढल्यावर प्रत्येकाला विशिष्ट क्रमांक (व्हीके नंबर) मिळतो आणि त्यावर आपले सरकार केंद्रात आधार प्रमाणीकरण करावं लागतं. ते राहिलं की रक्कम अडकते. त्याखालोखालची कारणं: बँक खातं आधारशी जोडलेलं नाही, सामाईक सातबाऱ्यात बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र नाही, किंवा वडील वारले तरी वारस नोंद झालेली नाही. शेवटच्या दोन गोष्टी पुरानंतर धावपळीत होत नाहीत, उन्हाळ्यातच उरकाव्या लागतात. नाव यादीतच नसेल तर तहसीलदारांकडे लेखी हरकत द्या. सोबत सातबारा, फोटो आणि शेजारच्या दोन खातेदारांची सही जोडा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.